शब्द ओळखीचे, अर्थ परके

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय २०२५ च्या एप्रिलमध्ये निघाला आणि जूनअखेर मागे घेण्यात आला. मधल्या काळात मुलांनी किती भाषा शिकाव्यात, यावर राज्यभर वाद झडले. परंतु जी भाषा पहिलीच्या वर्गात येऊन पाव शतक लोटले, त्या इंग्रजीचे किती शब्द अर्थासह मुलांच्या पदरात पडले, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजीचा प्रवेश झाला. त्याआधी ती पाचवीत भेटत असे. चार वर्षे लवकर आरंभ केला की पुढचे आपोआप सुकर होईल, ही त्यामागील अपेक्षा होती.

ती कितपत फळाला आली, याचे थेट मोजमाप सहसा होत नाही. ‘असर’च्या २०२३ सालच्या पाहणीत मात्र एक बोलका तपशील आहे. देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटात इंग्रजी वाक्ये वाचू शकणारे ५७.३ टक्के आढळले आणि त्या वाचणाऱ्यांपैकी वाक्याचा अर्थ सांगू शकणारे ७३.५ टक्के. म्हणजे वाचताही येते आणि कळतेही, असे शंभरात जेमतेम बेचाळीस. ही पाहणी ग्रामीण भागाची असल्याने ती ठाण्यासारख्या शहराला जशीच्या तशी लावता येणार नाही. पण अक्षर वाचणे आणि शब्द जाणणे यांतील जी दरी तिने दाखवली, ती शहरी वस्त्यांतही आहे. तिथे ती केवळ निराळ्या वेषात वावरते.

ठाण्याचे वर्तकनगर त्याचे उत्तम उदाहरण ठरावे. म्हाडाच्या जुन्या इमारती, पोलीस वसाहत, साईबाबांचे मंदिर, पलीकडे उपवन तलाव आणि पोखरण रस्त्यावर चढत गेलेले टॉवर, अशी ही वस्ती. इथल्या सातवीतल्या मुलाच्या कानांवर इंग्रजी शब्द पडत नाहीत, असे कोण म्हणेल? रिडेव्हलपमेंट, एफएसआय, ट्रान्झिट कॅम्प, कार्पेट एरिया हे शब्द त्याने घरच्या जेवणाबरोबर पचवलेले असतात. सोसायटी, पार्किंग, लिफ्ट, मेंटेनन्स हे तर त्याच्या दृष्टीने मराठीच. वडील पोलीस खात्यात असतील तर ड्युटी, ट्रान्स्फर, चार्ज, फोर्स हे शब्द तो चालायला लागल्यापासून ऐकत आलेला असतो.

अडचण इथेच सुरू होते. सेमी इंग्रजीच्या वर्गात विज्ञानाचे पुस्तक उघडले की हेच शब्द समोर येतात आणि ओळख दाखवत नाहीत. घरातला ‘फोर्स’ म्हणजे पोलीस दल, पुस्तकातला ‘फोर्स’ म्हणजे बल. साहेबांनी घेतलेला ‘चार्ज’ निराळा, मोबाइलचा निराळा आणि विद्युत प्रभार आणखी निराळा. नाक्यावर ‘मॅटर’ झाला तर तो भांडणाचा. विज्ञानाच्या तासाला तो द्रव्य होतो. टीव्हीचा ‘व्हॉल्यूम’ कमी करता येतो, पण भांड्यातल्या पाण्याचाही व्हॉल्यूम असतो, हे मुलाला कोणी सांगितलेले नसते. ‘सेल’ म्हणजे घड्याळात घालायचा किंवा दुकानात लागलेला. पेशी हा त्याचा अर्थ तिसऱ्या क्रमांकावर येतो. ‘सोसायटी’ म्हणजे तीन विंगांची इमारत. नागरिकशास्त्राला अभिप्रेत असलेला समाज त्यात कुठे बसवायचा? आणि ‘कंपास’ म्हणजे पेन्सिली ठेवण्याचा पत्र्याचा डबा, हा अर्थ महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी इतका पक्का केला आहे की दिशादर्शक होकायंत्राला त्यात शिरायला जागाच नाही.

अजिबात न ऐकलेला शब्द मूल निदान विचारते. ऐकलेला, परंतु भलत्याच अर्थाने ऐकलेला शब्द ते विचारत नाही; आपल्याला तो येतो, अशी त्याची खात्री असते. परीक्षेत उत्तर चुकते तेव्हा शेरा पडतो ‘विज्ञान कच्चे’. विज्ञान कच्चे नसते, एक शब्द कच्चा असतो. मग शिकवणी लागते, ती पुन्हा विज्ञानाचीच.

यावर घरोघरी योजला जाणारा उपाय म्हणजे पाठांतर. रोज दहा शब्द, स्पेलिंगसह, समोर अर्थ. त्यामागील चिकाटीचे कौतुक करावे, पण हिशेबही मांडावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांचे वर्षाला किमान २२० दिवस भरतात. दिवसाला तीनच नवे शब्द पक्के झाले तरी वर्षाला ६६० आणि तीन वर्षांत १,९८० होतात. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नित्योपयोगी इंग्रजी शब्दांच्या यादीत सुमारे दोन हजारच शब्द आहेत आणि सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा बहुतांश भाग तेवढ्यात सामावतो. तेव्हा उद्दिष्ट डोंगराएवढे नाही. मात्र शब्द एकदा भेटून पक्का होत नाही. निरनिराळ्या वाक्यांत आठ-दहा वेळा तरी त्याची गाठ पडावी लागते, असे भाषाशिक्षणाचे अभ्यासक सांगतात. म्हणजे वर्षाला सव्वापाच ते साडेसहा हजार भेटी! इंग्रजीचे एक पाठ्यपुस्तक त्या घडवू शकत नाही, आणि शब्दांची यादी तर मुळीच नाही.

हे वेस्ट केवळ याद्या करणारे गृहस्थ नव्हते. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात असताना त्यांनी बंगालमधील शाळकरी मुलांचे इंग्रजी जवळून पाहिले आणि १९२६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. मुलांना वाचता येईल असे इंग्रजी मिळतच नाही, हे त्यांचे दुखणे होते. त्यावर त्यांनी मर्यादित शब्दांत लिहिलेली, हळूहळू शब्द वाढवत नेणारी वाचनमाला तयार केली. जगभर आज ज्या पायरीपायरीच्या गोष्टींच्या पुस्तकांतून परभाषा शिकवतात, त्यांचा एक उगम असा आपल्याच उपखंडात आहे. शिक्षण हक्क कायदाही प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय मागतो. ज्या शहरात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये उभे राहिले, त्या शहराला हे सांगावे लागू नये. पण कपाट असणे वेगळे आणि त्याची किल्ली मुलांच्या हाती पडणे वेगळे.

दुसरी गोष्ट मराठीची. इंग्रजी सुधारायची तर वर्गात मराठी नको, हा समज शब्दसंग्रहाच्या बाबतीत नुकसानच करतो. ‘फोटोसिन्थेसिस’ हा शब्द घोकणाऱ्या मुलाला ‘प्रकाशसंश्लेषण’ ठाऊक असेल, तर फोटो म्हणजे प्रकाश आणि सिन्थेसिस म्हणजे जोडणी हे एका मिनिटात उलगडते. पुढे भेटणाऱ्या दुसऱ्या ‘सिन्थेटिक’ शब्दाचीही वाट मोकळी होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांची इंग्रजी बोलताना अडखळत असेल, परंतु शब्द कुठल्या अर्थाने आला आहे, हे त्यांना मराठीतून तोलता येत असे. ती पाठमाला पुन्हा आणावी असे कोणी सुचवणार नाही. तिच्यातील तोलण्याची सवय मात्र टाकून देण्याजोगी नव्हती.

वर्तकनगरसारख्या वस्तीतील शाळेला यासाठी मोठा निधी लागत नाही. विज्ञानाचा धडा सुरू करण्यापूर्वी त्यातील पाच-सहा शब्द फळ्यावर लिहून ‘हा तुम्ही कुठे ऐकला?’ असे विचारले, तर वर्गातूनच दोन-तीन अर्थ येतील आणि चौथा शिक्षकांना सांगता येईल. दहा मिनिटांचे काम. पण ती दहा मिनिटे कोणाच्या तासातून काढायची, यावर गाडी अडते. इंग्रजीच्या शिक्षकांच्या दृष्टीने ‘मॅटर’ हा विज्ञानातला शब्द, आणि विज्ञानाच्या शिक्षकांच्या दृष्टीने शब्दार्थ सांगणे हे इंग्रजीच्या तासाचे काम. वेळापत्रक आखणाऱ्या मुख्याध्यापकांकडे आजतरी या शब्दांसाठी रकाना नाही.