खुर्च्या काढून मालवाहू विमान होत नाही



‘प्रवासी विमानातल्या खुर्च्या काढल्या की लष्करी मालवाहू विमान तयार’ हे आपल्या वाचकाचे मत मला मुळीच मान्य नाही.

उदाहरणार्थ, ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेश युद्धात आपली २ पॅरा (मराठा) ही बटालियन टांगाइलला हवाई छत्र्यांनी उतरली. त्या मोहिमेत डाकोटा विमानेही होती आणि पॅकेट ही मालवाहू विमानेही. डाकोटा मुळात प्रवासी घाटाचे: पंख खाली, दार बाजूला आणि जमिनीवर उभे असताना शेपटीकडे उतरती फरशी. त्यातून माणसे उडी मारतील, पण तोफ कशी काढणार? पॅकेटचे पंख वर, त्यामुळे पोट जमिनीलगत. शेपूट दोन दांड्यांवर तोललेली, म्हणून मागची बाजू पूर्ण मोकळी. जालन्याच्या मोंढ्यात फाळका पाडून ट्रक भरताना ज्याने पाहिला आहे, त्याला यातले शहाणपण लगेच कळेल. पॅकेटमधून हवेतून जड सामान टाकायचे तर मागची दारे उड्डाणाआधीच काढून ठेवावी लागत, एवढी उणीव होतीच. हिमालयातल्या उंचीसाठी आपल्याकडे त्याच्या पाठीवर ऑर्फियस जेट इंजिनही बसवले गेले.

त्याच वाचकाने ग्लायडरला, म्हणजे दोराने ओढून नेल्या जाणाऱ्या बिनइंजिनाच्या विमानाला, ‘कागदी खेळणे’ म्हणणे तर अन्यायच. मार्च १९४४ मध्ये ब्रह्मदेशात जपानी फौजांच्या पिछाडीला चिंडिट सैनिकांना घेऊन गेलेल्या वाको ग्लायडरचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता, वर कापड. चालकाच्या खोलीसकट अख्खे नाक वर उचलले की जीप थेट बाहेर. डाकोटामागे दोन-दोन ग्लायडर बांधल्याने दोर तुटले, माणसे गेली. तो दोष अति ओझ्याचा होता, आराखड्याचा नव्हे.

— एक वाचक, अंबड (जि. जालना)