अडखळणारें चित्र

जिते येथील एका एकत्र कुटुंबानें आम्हांस विचारलें आहे: दृष्टि मंदावलेल्या आजींस प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) लॅपटॉपवरून टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर दाखवूं जातां चित्र अडखळतें; नवा टीव्ही घ्यावा काय? आमच्या मतें इतक्यांत घेऊं नये.

प्रथम बोलपट लॅपटॉपमध्यें उतरवून त्याच्याच पडद्यावर पाहावा. तेथें तो सुरळीत चालला, तर दोष बहुधा वाटेंत आहे. बिनतारी चित्र पुष्कळदां लॅपटॉपकडून राउटरकडे व तेथून टीव्हीकडे असा दुहेरी प्रवास करतें. मध्यें जाड भिंत असली, किंवा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्हनें गोंधळ मांडला, कीं खोळंबा होतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, परंतु भिंतींपुढें तो लवकर दमतो. सबब सरळ एचडीएमआय तार जोडावी.

तरीहि संथ दृश्यांत बारीक हिसके राहिले, तर गणित पाहावें. बोलपटाच्या सेकंदास २४ चौकटी. पडदा बहुधा ६० वेळां ताजा होतो. २४ नें ६० ला निःशेष भाग जात नाहीं (हें मराठी चौथींतलें पोरहि सांगेल!), म्हणून एक चौकट दोनदां, तर पुढची तीनदां दिसते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्यें २४ हर्ट्झ मिळाल्यास तें निवडावें. आणि चार्जर लावलेला असूं द्यावा. वीज वाचविण्याच्या नादांत लॅपटॉप मंदावतो.