घराचा पत्ता आणि मुलांची शाळा : सोलापुरातील एक प्रश्न

सोलापुरात घर घेऊ पाहणारे कुटुंब सर्वप्रथम नळाला किती दिवसांआड पाणी येते याची चौकशी करते. त्यानंतर लागलीच विचारला जाणारा प्रश्न म्हणजे जवळपास चांगली शाळा कोणती. १९९२ साली महानगरपालिकेची हद्द वाढली आणि जुळे सोलापूर, शेळगी, बाळे, सोरेगाव, कुमठे अशा भागांत नव्या वसाहती उभ्या राहत गेल्या. ज्यांना शक्य होते ती कुटुंबे जुन्या पेठांतून तिकडे गेली. मोकळी हवा व स्वतःचा प्लॉट ही कारणे होतीच. परंतु मुलांच्या शाळेचा विचार त्यात कमी महत्त्वाचा नव्हता. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबेही याला अपवाद नाहीत. काहींनी तर याच कारणासाठी थेट पुणे गाठले आहे.

आपल्या मुलाला उत्तम शिक्षण मिळावे अशी इच्छा धरणाऱ्या आईवडिलांना दोष देता येणार नाही. मुलांच्या शिक्षणाची पहिली जबाबदारी पालकांचीच आहे, असे ख्रिस्तसभा आवर्जून शिकवीत आली आहे. प्रश्न निराळाच आहे. ज्याला पत्ता बदलता येतो तो शाळाही बदलू शकतो. ज्याला पत्ता बदलता येत नाही, त्याच्या मुलांनी काय करावे? साखर पेठ, भवानी पेठ यांसारख्या विणकरांच्या व विडी कामगारांच्या वस्त्यांत भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला शाळा पाहून घर निवडण्याची चैन परवडत नाही. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू अशा चार भाषांतून शिकविणाऱ्या शाळा आहेत, हे या शहराचे वैभव होय. परंतु ऐपत असलेली कुटुंबे निघून गेली की मागे उरलेल्या शाळेसाठी महापालिकेत आवाज उठविणारे पालक उरत नाहीत, आणि शाळेची घसरण सुरू होते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत सरकारी शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो आणि प्रवेश बहुधा राहत्या पत्त्यावरून ठरतो. त्यामुळे श्रीमंत उपनगराची शाळा श्रीमंत व गरीब वस्तीची शाळा गरीब, असे चित्र तेथे दिसते. ओहायो राज्यात २०११ साली एका मातेने आपल्या वडिलांचा पत्ता दाखवून मुलींना शेजारच्या चांगल्या शाळेत घातले, म्हणून तिला तुरुंगात जावे लागले. आपल्याकडे असे घडत नाही, असे समजण्याचे कारण नाही. शिक्षणहक्क कायद्याखालील प्रवेशासाठी बनावट कागदपत्रे सादर केल्याच्या आरोपावरून २०२४ साली नागपुरात पालकांवर गुन्हे नोंदविले गेले. खोटेपणाचे समर्थन कोणी करू नये; मात्र आईबापांना त्या थराला नेणारी व्यवस्थाही तपासून पाहिली पाहिजे.

वस्तुतः हीच कोंडी फोडण्यासाठी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात एक तरतूद करण्यात आली. खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात आणि त्यांचा खर्च शासनाने द्यावा, अशी ही तरतूद आहे. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांनाही तिचा लाभ मिळू शकतो. येथे ‘परिसर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर हा परिसर मानला गेला. अर्ज भरताना घराची जागा नकाशावर दाखवावी लागते व अंतर मोजले जाते. गरीब मुलाला पत्त्याच्या बंधनातून सोडविण्यासाठी आलेला कायदा अशा रीतीने पुन्हा पत्त्यापाशीच येऊन थांबतो. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने याच्याही पुढे जाऊन, ज्या खाजगी शाळेच्या १ किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा आहे तिला २५ टक्क्यांच्या अटीतून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने त्या निर्णयास मे महिन्यात स्थगिती दिली व १९ जुलै २०२४ रोजी तो रद्दच ठरविला. हे योग्यच झाले.

सोलापुरात या अंतराचा अर्थ काय होतो, हे कुंभारीला गेल्यावर कळते. अक्कलकोट रस्त्यावरील या गावी विडी कामगारांसाठी बांधलेल्या १०,००० घरांचा गोदूताई परुळेकर प्रकल्प २००६ साली पूर्णत्वास आला. त्यानंतर रायनगर येथे असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची योजना हाती घेण्यात आली. त्यांपैकी १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. यंत्रमाग कामगार, विडी वळणाऱ्या स्त्रिया, कचरा वेचणारे, रिक्षाचालक यांना हक्काचे घर मिळावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. माजी आमदार नरसय्या आडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ लढ्याचे ते फळ आहे, हे मतभेद असणाऱ्यांनीही मान्य करावे. परंतु याच घराबरोबर त्या कुटुंबाचा पत्ता शहरातील नामवंत शाळांपासून ३ किलोमीटरच्या पलीकडे गेला. घर मिळाले आणि अंतराच्या हिशेबात शाळा दुरावली! तीस हजार घरे म्हणजे लाखाहून अधिक माणसे. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढी ही वस्ती. तेथे पुरेशा वर्गखोल्या, पुरेसे शिक्षक आणि तेलुगू वा कन्नड बोलणाऱ्या मुलांची सोय असणे, हा घरबांधणीचाच भाग मानला गेला पाहिजे.

आता आपल्या स्वतःच्या शाळांविषयी. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि ६ मे २०१४ रोजी सर्वच अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने दिलेल्या अधिकाराचे रक्षण आवश्यक होते व आहे. तथापि या सवलतीकडे बाहेरचे लोक कसे पाहतात, याची जाणीव आपण ठेवावी. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील धार्मिक अल्पसंख्याकांच्या शाळांपैकी जवळजवळ ७२ टक्के शाळा ख्रिस्ती समाजाच्या आहेत, आणि अल्पसंख्याक शाळांतील वंचित घटकांच्या मुलांचे प्रमाण ९ टक्क्यांहून कमी आहे. त्या अहवालाच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा आहे. परंतु शंका घेतल्याने आकडा बदलत नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०१४ च्या निर्णयाविषयी गंभीर शंका नोंदविली व हा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठविला.

न्यायालयाचा निर्णय काहीही लागो. भारतीय महागुरुस्वामींनी २००७ साली स्वीकारलेल्या शिक्षणविषयक धोरणात गरीब व उपेक्षित मुलांना अग्रक्रम दिलेला आहेच. कायद्याची सक्ती नसताना शेजारच्या वस्तीतील मुलांसाठी काही जागा राखून ठेवणे, हे आपल्या शाळांना अवघड वाटू नये. शासनाकडून मिळणारी प्रतिपूर्ती प्रति विद्यार्थी वर्षाला १७,६७० रुपये ठरविण्यात आली होती आणि तीही वेळेवर मिळत नाही, ही खाजगी शाळांची तक्रार खरी आहे. अल्पसंख्याक शाळेने स्वेच्छेने अशी मुले घेतली तर तेवढीही मिळणार नाही. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांकडे व सुस्थितीतील धर्मग्रामवासीयांकडे जावे लागेल.

शाळेसाठी घर हलविण्याच्या विचारात असलेल्या पालकांनी आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीचा विचार करावा. माढा तालुक्यातील या लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी १० लाख डॉलरच्या रकमेतील निम्मा वाटा अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकला. एका पुरस्काराने सर्व शाळा सुधारत नाहीत, हे उघड आहे. परंतु इमारत, बस आणि गणवेश पाहून शाळा ठरविणाऱ्यांनी एकदा वर्गात जाऊन शिक्षक कसा शिकवितो हेही पाहावे. महापालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते व तिच्यात बहुसंख्य सदस्य पालकच असतात. त्या समितीवर आपल्यापैकी किती जण आहेत?

दरम्यान, २५ टक्के जागांसाठी पात्र असलेली कुटुंबे आपल्या धर्मग्रामांतही आहेत. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो व मुदत थोडी असते. उत्पन्नाचा दाखला, जन्माचा दाखला आणि भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार लागतो. घरमालक तो करून देण्यास सहसा तयार नसतात व दाखल्यांसाठी तहसील कार्यालयात हेलपाटे घालावे लागतात. धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी दिवाळीची सुट्टी संपताच अशा कुटुंबांची यादी करून हे काम सुरू केले, तर नाताळपूर्वी कागदपत्रे हाती येऊ शकतील.