दुधाचा खवट वास : कॅन घासण्याआधी गव्हाण पाहा



उन्हाळा लागला की रतीब घालणाऱ्यांची एकच बोंब असते. रामदासपेठ, धंतोलीतल्या घरून फोन येतो, "दूध खवट लागते, उद्यापासून नको." आपण कॅनला अन् उन्हाला दोष देतो. माझं मत असं की आधी गव्हाण पाहावी.

आंबट अन् खवट यात फरक आहे. आंबट दूध जंतूंमुळे होते, तापवलं की फाटते. तिथे स्वच्छता कमी पडली. खवट दूध फाटत नाही, पण जिभेवर कडवट, साबणासारखं लागते. दुधात लायपेज नावाचं विकर मुळातच असते, ते फॅट तोडते अन् वास सुटतो. गाय अर्धपोटी असली, आटत आली असली की हे जास्त होते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे तेच असते. हिरवा चारा संपलेला, गव्हाणीत सोयाबीनचं कुटार, वरून सरकी ढेप. नुसती ढेप वाढवून ही कसर भरत नाही. हिरव्या चाऱ्यातलं ई जीवनसत्त्व फॅटला हवेपासून सांभाळते, ते ढेपेतून पुरेसं भेटत नाही.

डेअरीत ३.५ फॅट अन् ८.५ एसएनएफ लागला की आपण खूश. पण ते यंत्र वास घेत नाही, गिऱ्हाईक घेते. एक रतीब तुटला की शेजारचाही तुटतो.

म्हणून सांगतो, खरिपातच मक्याचा मुरघास करून ठेवा. पाणी असेल तर दोन-चार गुंठे नेपियर लावा. मुरघास, लसूणघास धार काढल्यावर टाका, आधी टाकलं तर वास दुधात उतरतो. गाजरगवत गव्हाणीत येऊच देऊ नका, त्यानं दूध कडू होते. विण्याच्या ६० दिवस आधी गाय आटवा, लिटरभर दुधासाठी ओढू नका. अन् अर्धा कॅन मोटरसायकलवर हिंदकळत नेऊ नका, घुसळल्यानं फॅटचे कण फुटतात अन् लायपेजला मोकळं रान मिळते.

पशुधन अधिकारी, डेअरीवाले साहेब, तुम्हीही फॅट विचारता तसं उन्हाळ्यात "गाईला काय टाकता?" हेही विचारा. भाव तिथूनच ठरतो.