कॅमेऱ्याची कुळी आणि माणसाचा चेहरा

परिसरातील वृद्ध लेखकांची व्यक्तिचित्रे लार्ज फॉरमॅट फिल्मवर टिपावीत, असा संकल्प आमच्या मराठी विभागात झाला, त्याला दोन वर्षे लोटली. या काळात कॅमेरा ठरला नाही. यादीतील एक कवी मात्र निवर्तले. म्हणून हे टिपण.

काही सहकाऱ्यांचा आग्रह असा, की घ्यायचा तर लिनहॉफ किंवा सिनारच घ्यावा. तो परवडेपर्यंत थांबावे. हा आग्रह चोखंदळपणाचा वाटतो. वस्तुतः तो निष्क्रियतेचा प्रतिष्ठित अवतार आहे.

मुळात लार्ज फॉरमॅट कॅमेरा म्हणजे काय? पुढे भिंग, मागे फिल्म आणि मधला अंधार राखणारा भाता. ४ × ५ इंची फिल्मचे क्षेत्रफळ ३५ मिमीच्या चौकटीहून जवळजवळ १५ पट असते. चित्रातील समृद्धी येते ती या क्षेत्रफळातून आणि भिंगातून; चौकटीवरील नाममुद्रेतून नव्हे.

दुसरा युक्तिवाद भिंगपट व फिल्मपट हवे तसे कलवण्या-सरकवण्याच्या सोयींचा. इमारतींच्या छायाचित्रणात त्या अनिवार्य आहेत. खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी त्यांतील थोड्याच लागतात. तेथे खरी गरज लांब भात्याची. डोके व खांदे चौकटीत भरायचे, तर प्रतिमा मूळ आकाराच्या सुमारे पाव होते. अशा वेळी २१० मिमी भिंगाला सुमारे २६० मिमी भाता लागतो, ३०० मिमीला सुमारे ३७५. जुन्या क्राउन ग्राफिकसारख्या प्रेस कॅमेऱ्याचा भाता पहिल्याला पुरतो, दुसऱ्याला नाही. कॅम्बो किंवा कॅल्युमेटचा साधा, लांब भात्याचा मोनोरेल दोन्हींना पुरतो. तो जड असतो, म्हणून डोंगरदऱ्यांत भटकणाऱ्यांना नको असतो आणि म्हणूनच स्वस्त मिळतो. स्टुडिओत त्याला कोण खांद्यावर वाहणार आहे? आपल्याकडे तर केरळातील अलप्पुळा येथे बनलेल्या लाकडी वागीश्वरी कॅमेऱ्यांनी असंख्य स्टुडिओंचे संसार चालवले.

चोखंदळपणा दाखवायचाच, तर तो योग्य जागी दाखवावा. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत विजेरी लावून छिद्रे शोधावीत. शटर एक सेकंदावर लावून ते अडखळते का, हे कान देऊन ऐकावे. मागची चौकट प्रचलित फिल्म होल्डर स्वीकारते का, हे पाहावे. दुर्मीळ मापाच्या मोहात पडू नये. उरलेला पैसा दिव्यांवर खर्चावा. वरील मापाच्या चित्रात एफ ८ वर जेमतेम तीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. डोळा रेखीव तर कान धूसर. छिद्र लहान करायचे तर प्रकाश हवाच. भाता लांबल्याने उद्भासही सुमारे दीडपट वाढवावा लागतो.

छंदशास्त्राचे सर्व ग्रंथ संग्रही आल्यावाचून कविता लिहिणार नाही, असे म्हणणाऱ्यास आपण हसतो. मग येथे गंभीर का होतो?

आणखी एक गोष्ट. फिल्म होल्डर बसवला की दुधी काच झाकली जाते. चित्रकाराला कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. तो बाजूला उभा राहून समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो. रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातील माणसे टिपली, ती ८ × १० इंची डिअरडॉर्फ कॅमेऱ्याशेजारी उभे राहून. त्यांचा कॅमेरा महाग होता, हे आमचे विरोधक सांगतील. पण शेजारी उभे राहण्याला मूल्य पडत नाही आणि ते स्वस्त मोनोरेलपाशीही साधते. त्या उभे राहण्यासाठीच तर हा सारा खटाटोप आहे.

जे कवी गेले, त्यांचे आमच्यापाशी ओळखपत्राएवढे एकच छायाचित्र आहे. यादीतील उरलेल्यांपैकी कोणीही सत्तरीच्या आतले नाही. तेव्हा प्रतिवाद अवश्य व्हावा. मात्र तो कॅमेरा विकत घेतल्यानंतर.