नवऱ्यांच्या गटासमोर दोघं हवीत

बाईनं मार खाल्ला तर तिच्यासाठी आपल्या छत्रपती संभाजीनगरात निदान काही दारं तरी आहेत. पोलीस ठाणं आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा फोन आहे. मारणाऱ्या नवऱ्याशी मात्र नीट कोणी बोलतच नाही. फार तर चार नातेवाईक जमतात, 'दोघंही जरा समजुतीनं घ्या' म्हणतात आणि चहा पिऊन उठतात. दोघंही! मार एकटीनं खाल्लेला असतो.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ला लागू झाला. त्याच्या कलम १४ प्रमाणे न्यायदंडाधिकारी नवऱ्याला एकट्यालाही समुपदेशनाला पाठवू शकतात. हिंसेचं समर्थन तिथं चालणार नाही, हे त्याला आधीच सांगायचं, असं नियम सांगतो. समुपदेशक शक्यतो स्त्री असावी, असंही नियमात आहे. पण अशा दहा-बारा पुरुषांचा गट घ्यायचा असेल, तर समोर बाई आणि पुरुष दोघंही बसली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या डुलुथ शहरात १९८०च्या दशकात पुरुषांचे असे गट सुरू झाले, तिथं हीच जोडी गट चालवते.

कारण गटात जे चालतं तेच घरात चालत असतं. गट घेणाऱ्या ताई विचारतात, "मग तुम्ही काय केलंत?" नवरा उत्तर देतो ते त्यांच्या जोडीच्या सरांकडे बघून, "सर, तुम्हाला तर माहितीय, बायका कशा बोलायला लावतात." इथं सर नुसते हसले तरी सगळा गट त्यांना आपल्यातला धरतो. "प्रश्न ताईंचा आहे, त्यांनाच उत्तर द्या," असं सरांनी तिथल्या तिथं म्हणायला हवं. हजेरी आणि चहा ताईंकडे, निर्णय सरांकडे, अशी वाटणी झाली की सगळं शिकवणं वाया गेलं. बाईच्या शब्दाला पुरुष मान देतो, ती त्याला सगळ्यांसमोर अडवते आणि तो चिडत नाही, हे त्या नवऱ्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. अनेकांनी ते घरी कधी पाहिलेलंच नसतं.

समुपदेशनात बाया वर्षानुवर्षं राबत आहेत, पुरुषच कमी पडतात. मुंबईत 'मावा' ही संस्था १९९३पासून पुरुषांमध्ये काम करते आहे, म्हणजे हे जमतं. वाळूजमधले कामगार पुढारी, निवृत्त शिक्षक, समाजकार्याचे विद्यार्थी, तुम्ही रीतसर प्रशिक्षण घ्या आणि एखाद्या अनुभवी ताईच्या जोडीनं काम शिका.

नातेवाइकांनाही एक सांगणं आहे. जावई गटाला जायला लागला म्हणजे सुधारला, असं समजून लेकीला परत धाडू नका. संरक्षणाचा आदेश असेल तर तो मागे घ्यायला लावू नका. आणि शेजारच्या घरातून ओरडणं ऐकू आलं तर ११२ला फोन करा.