विश्लेषण : ‘गूगलवरून घेतले’ एवढे सांगून भागेल का?

शालेय प्रकल्पवहीच्या शेवटच्या पानावर ‘संदर्भ : इंटरनेट, गूगल’ अशी एक ओळ हमखास असते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात आता खेड्यापाड्यांतल्या घरीही स्मार्टफोन पोहोचला आहे आणि प्रकल्पासाठी लागणारी माहिती त्यावरच शोधली जाते. माहिती शोधायची कशी, ती खरी की खोटी हे तपासायचे कसे आणि ती कुठून घेतली हे नोंदवायचे कसे, या तीन गोष्टी मात्र शाळेत क्वचितच शिकवल्या जातात. त्या का शिकवायला हव्यात आणि साध्या शाळेतही कशा शिकवता येतील, याचा हा आढावा.

मुलांना फोन वापरता येतो, मग शिकवायचे काय?

फोन चालवता येणे आणि फोनवर अभ्यास करता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. देशाच्या ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर २०२४’ अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. अशा मुलांपैकी ५७ टक्क्यांनी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले फोनवर अभ्यासाचे काही ना काही करतात. ते कसे करायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पहिला दिसेल तो दुवा उघडायचा, परिच्छेद उतरवून घ्यायचा आणि वर शीर्षक रंगवायचे, इतक्यात प्रकल्प पूर्ण होतो.

मोठ्या वर्गांत गेल्यावर हे आपोआप सुधारेल, ही समजूतही खरी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने उचलेगिरी रोखण्यासाठी २०१८ मध्ये नियम केले. त्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त साम्य आढळल्यास प्रमाणानुसार कारवाईची तरतूद आहे. हे नियम उच्च शिक्षण संस्थांसाठी आहेत. शाळेची दहा-बारा वर्षे ज्या उताऱ्यांना गुण मिळाले, तोच प्रकार पुढे एकदम गुन्हा ठरतो. मधल्या काळात योग्य पद्धत शिकवण्याची जबाबदारी कोणीच घेतलेली नसते.

यवतमाळच्या विद्यार्थ्याला याची विशेष गरज का?

कारण या जिल्ह्याविषयी बाहेर खूप लिहिले जाते आणि त्यातले बरेच एकमेकांशी जुळत नाही. शेतकरी आत्महत्या हा विषय घेऊ. जिल्ह्यातील एखादा विद्यार्थी यावर प्रकल्प करू लागला, तर त्याला एकाच वर्षाचे दोन-तीन आकडे सापडतील. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल पोलिसांच्या नोंदींवर आधारलेला असतो. त्यात राज्यनिहाय आकडे मिळतात आणि शेतकरी व शेतमजूर यांची मोजणी वेगवेगळी होते. महसूल प्रशासनाची यादी जिल्हानिहाय असते. तिच्यात सरकारी मदतीसाठी पात्र, अपात्र आणि चौकशीसाठी प्रलंबित असे रकाने असतात. एका बातमीत एकूण प्रकरणे असतात, दुसरीत फक्त पात्र ठरलेली. दोन्ही आकडे खरे असू शकतात, पण ते एकाच गोष्टीचे नसतात. कोणी मोजले आणि काय मोजले हे लिहिले नाही, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

दुसरे उदाहरण महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे. तिथल्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी सामूहिक आत्महत्या केली. राज्यातील ‘पहिली शेतकरी आत्महत्या’ असा तिचा उल्लेख होतो. घटना आणि तारीख यांबद्दल वाद नाही. ‘पहिली’ हा शब्द मात्र तपासून वापरायला हवा, कारण देशपातळीवर शेतकरी आत्महत्यांची स्वतंत्र नोंद १९९५ पासून ठेवली जाऊ लागली. ‘पहिली म्हणून ओळखली जाणारी’ असे लिहिले, तर त्या कुटुंबाचे दुःख कमी होत नाही आणि विधानही पक्के राहते. इतका बारकावा नववीतल्या मुलालाही समजतो. फक्त कोणीतरी तो दाखवावा लागतो.

शोधशब्दाने एवढा फरक पडतो?

पडतो. यवतमाळचा १८९० च्या सुमाराचा इतिहास शोधणाऱ्याला ‘यवतमाळ जिल्हा’ असे टाकून फारसे काही मिळणार नाही. तेव्हा हा जिल्हा वणीच्या नावाने, इंग्रजी कागदपत्रांत ‘वून’ म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ मध्ये मिळाले आणि त्याच वेळी पुसद तालुका तत्कालीन वाशीम जिल्ह्यातून इकडे आला. पुढेही इंग्रजीत ‘येवतमाळ’ अशा वळणाचे स्पेलिंग होते. १९०८ चे आणि १९७४ चे जिल्हा गॅझेटियर त्याच स्पेलिंगने सापडते. जुने नाव, जुने स्पेलिंग आणि ‘वऱ्हाड’ किंवा ‘बेरार’ हे शब्द माहीत असतील तरच त्या काळाचे दार उघडते.

अलीकडचे उदाहरण पांढरकवडा-राळेगाव परिसरातील वाघिणीचे. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती गोळी घालून मारली गेली. वन विभागाच्या कागदांत ती ‘टी-१’ होती, तर प्राणिप्रेमींनी तिला ‘अवनी’ म्हटले. ‘अवनी’ असे शोधले की तिला वाचवू पाहणाऱ्यांचे म्हणणे ठळकपणे पुढे येते. ‘टी-१’ असे शोधले की वन विभागाची कारवाई आणि ‘नरभक्षक’ हा शब्द येतो. जंगलालगत राहणाऱ्या शेतमजुरांची बाजू वाचायची, तर गावांची नावे टाकून स्थानिक बातम्या पाहाव्या लागतात. एकाच घटनेसाठी किमान दोन वेगळे शोधशब्द वापरायचे, ही सवय वर्गात एका तासात लावता येते.

संकेतस्थळ भरवशाचे आहे हे कसे ओळखायचे?

देखणी मांडणी आणि सफाईदार भाषा यांवरून ते कळत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ३,४४६ शालेय विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. अमेरिकेतील मतदानातील गैरप्रकारांचा म्हणून दाखवलेला एक धूसर व्हिडीओ ५२ टक्के विद्यार्थ्यांना भक्कम पुरावा वाटला. प्रत्यक्षात तो रशियात चित्रित झाला होता. याच विद्यापीठाच्या आधीच्या एका अभ्यासात इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांची तुलना झाली. त्यात तथ्यतपासनीस सर्वांत लवकर योग्य निष्कर्षाला पोहोचले. त्यांची पद्धत साधी होती. समोरचे पान वाचत न बसता ते दुसरी खिडकी उघडून त्या संकेतस्थळाविषयी इतर काय सांगतात, हे आधी पाहत.

आपल्याकडे या सवयीची किंमत माणसांच्या जिवात मोजली गेली आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले. मोबाइलवरून तशा अफवा त्या काळात राज्यभर फिरत होत्या. ‘हे कोणी पाठवले, आणखी कुठे आले आहे का?’ हा प्रकल्पवहीसाठी शिकलेला प्रश्न गावाच्या पारावरही उपयोगी पडतो.

संदर्भ देणे म्हणजे नेमके काय करायचे?

शाळेसाठी चार गोष्टी पुरेत : कोणी लिहिले, शीर्षक काय, कुठे व कधी प्रसिद्ध झाले आणि आपण ते कोणत्या तारखेला पाहिले. ‘गूगल’ हा संदर्भ होत नाही. गूगल फक्त ग्रंथालयाचा रस्ता दाखवते, पुस्तक दुसऱ्याचेच असते. मराठी विश्वकोशातील नोंदी याचा चांगला नमुना आहेत. नोंदीखाली लेखकाचे नाव आणि पुष्कळदा संदर्भग्रंथही दिलेले असतात. मराठी विकिपीडियावर आधार नसलेल्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण दिसते. ती खूण मुलांनी एकमेकांच्या वहीत पेन्सिलने करावी, यासारखा सोपा वर्गपाठ नाही.

तारखेचे महत्त्वही उदाहरणातून पटवता येते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ आहे. यापेक्षा मोठा ‘आजचा’ आकडा देणारे संकेतस्थळ अंदाज देत असते, मोजणी नव्हे. अंदाज वापरायला हरकत नाही, पण तो अंदाज आहे हे लिहायला हवे.

शिवाय या जिल्ह्यात कोलाम, गोंड, बंजारा समाजांचे मोठे ज्ञान कागदावर किंवा इंटरनेटवर नाही. ते आजी-आजोबांकडे आहे. पोडावरची रानभाजी किंवा तांड्यावरचे गाणे लिहून घेताना सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख नोंदवणे हाही संदर्भच. त्यासाठी आधी त्यांची परवानगी विचारावी. आपल्या घरातले माणूसही ‘स्रोत’ असू शकते, हे कळण्याने मुलांचा आत्मविश्वास वाढतो.

‘एआय’ने दिलेल्या उत्तराचे काय?

ही साधने ओघवते उत्तर देतात आणि मागितले तर संदर्भांची यादीही देतात. त्या यादीतील पुस्तक किंवा लेख अस्तित्वात असेलच असे नाही. न्यूयॉर्कमधील वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, प्रत्यक्षात नसलेले निकाल न्यायालयात सादर केले आणि जून २०२३ मध्ये त्यांना ५ हजार डॉलरचा दंड झाला. कायद्याचे पदवीधर फसू शकतात, तर आठवीतले मूल नक्कीच फसेल. बंदी घालून हे थांबणार नाही. स्वतः उघडून पाहिल्याशिवाय कोणताही संदर्भ वहीत लिहायचा नाही, हा नियम त्यावर अधिक उपयोगी आहे.

वेळ, संगणक आणि शिक्षक कुठून आणायचे?

यासाठी नवा विषय किंवा नवे पाठ्यपुस्तक लागत नाही. पहिली ते आठवीच्या आकारिक मूल्यमापनात प्रकल्प हे साधन २०१० पासूनच आहे. प्रकल्पाच्या गुणांपैकी थोडे संदर्भासाठी राखले, तर पुढच्याच सत्रात फरक दिसेल. वर्गात एक फोन असला तरी गटाने एकच दावा तपासता येतो. जिथे नेटवर्क नाही तिथे वर्तमानपत्राची दोन कात्रणे आणि फळा पुरतो.

जिल्हा पातळीवर पुढाकार घेतल्याचे उदाहरण केरळमध्ये आहे. कन्नूरच्या जिल्हा प्रशासनाने २०१८ मध्ये सुमारे १५० सरकारी शाळांत खोटी माहिती ओळखण्याचे वर्ग सुरू केले. यवतमाळमध्ये जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांमधून हे करता येईल. पण त्याआधी शिक्षकांना उसंत हवी. अशैक्षणिक कामे आणि ऑनलाइन माहिती भरण्यात दिवस गेला, तर तीस प्रकल्पवह्यांतील संदर्भ कोण तपासणार? आणि उताऱ्यांनी भरलेल्या, सजवलेल्या वहीलाच पूर्ण गुण मिळत राहिले, तर मुले तरी दुसरे काही का करतील? त्यामुळे पहिला बदल गुण देण्याच्या पद्धतीत हवा. वही चार पानांची असली तरी चालेल, पण त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे.